सातवीपर्यंतचा इतिहास

पट्टी नीट निघेना. डिंक जरा जास्तच लागला होता. मच्छिंद्रनं नखानं तिचं एक टोक उचललं आणि हळूहळू ओढत नेलं, तर खाली नाव निघालं, पायल. त्यानं चष्मा काढून पुन्हा घातला. पेपरच्या कोपऱ्यात कालच त्यानं पेन्सिलनं लिहिलं होतं, 'मुलगा'. शेजारी लाल शाईत पंचवीसपैकी वीस, आणि खाली शेरा: स्वतः विचार करून लिहिले आहे, शाब्बास. समोर बसलेल्या आकांक्षा मॅडमनी दुसरा कागद त्याच्यापुढं सरकवला. तोही पायलचाच पेपर होता, हाच, ऑक्टोबरात त्यानं तपासलेला. त्यावर चौदा गुण होते. पाचव्या प्रश्नापुढं चारपैकी एक, आणि त्याच्याच वळणदार अक्षरात: पुस्तकातले उत्तर लिहावे, अवांतर नको. कॉलेजच्या ग्रंथालयात पंखा बंद होता, जानेवारीचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं, आणि बावीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या मच्छिंद्रला आपण काहीतरी करताना पकडले गेलो आहोत असं वाटून कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी एम.एड. करायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. प्रबंधाला विषयही त्यानंच सुचवला होता: सहावीच्या मुलामुलींची इतिहास विषयातली संपादणूक, तुलनात्मक अभ्यास. आकांक्षा मॅडम त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मार्गदर्शक त्याच. त्यांनी आधी फरक नाही असं धरून चालायला सांगितलं होतं. त्यानं तसं लिहून दिलं खरं, पण मनातून त्याला उत्तर ठाऊकच होतं. पोरींचं अक्षर चांगलं, पाठांतर चांगलं, पण इतिहासाला डोकं लागतं, ते पोरांचं चालतं. हे काही तो वाईट भावनेनं मानत नव्हता. आंब्याला मोहोर कधी येतो हे जसं माणूस मानतो तसं मानत होता. ऑक्टोबरात आपल्याच शाळेच्या दोन तुकड्यांची, चौसष्ट पोरापोरींची चाचणी त्यानं घेतली, पेपर तपासले, सरासरी काढली. मुलं दोन गुणांनी पुढं. कोष्टकात फरक ठळक दिसत होता, आणि त्याला बरं वाटलं होतं. निष्कर्षाचं पहिलं वाक्यही त्यानं लिहून ठेवलं होतं: मुलींना इतिहासात उपजत रस कमी असल्याचे दिसते. फक्त तो तपासायला बसण्याआधी मॅडमनी पोरापोरींनी सोडवलेल्या पेपरांच्या झेरॉक्स मागून घेतल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांनी त्याच झेरॉक्स नावावर पट्टी चिकटवून परत त्याच्या हातात दिल्या, आणि म्हणाल्या, "सर, एकदा असेही तपासून बघा. आणि पेपर मुलाचा वाटतो की मुलीचा, तेही पेन्सिलनं लिहा."

आता चौसष्टच्या चौसष्ट पट्ट्या टेबलावर वळून पडल्या होत्या. मॅडमनी कागदावर दोन आकडे मांडले आणि कागद त्याच्याकडं फिरवला. मुली किंचित पुढं होत्या, पण तो फरक धरण्यासारखा नव्हता.

"म्हणजे फरक नाही," मॅडम म्हणाल्या. "मग सर, पहिल्या वेळी निघाला तो कुठला?"

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर त्याला चिडता आलं असतं. त्यानं पायलचं पाचवं उत्तर पुन्हा वाचलं. हडप्पा संस्कृतीतील लोकांनी नदीकाठी वस्ती का केली असावी? तिनं लिहिलं होतं: 'नदीजवळ राहिले की पाणी आणायला लांब जावे लागत नाही. लांब गेले की दिवस तिथेच जातो. दिवस उरला म्हणून त्यांना मडक्यांवर चित्रे काढायला वेळ मिळाला असेल.' कालच्या दुपारी हे वाचताना त्याच्या अंगावर काटा आला होता. हे पोरगं कोण, असं मनात म्हणून त्यानं चारपैकी चार दिले होते. पोरगंच, याविषयी त्याला क्षणभरही शंका आली नव्हती. आणि त्याच वेळी मनाच्या तळाशी कुठंतरी हे उत्तर ओळखीचंही वाटलं होतं, जणू आपण हे आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आहे.

घरी जाताना त्यानं रिक्षा केली नाही. कुंडलिका नदीच्या पुलावरून चालत निघाला. बियाण्यांच्या दुकानांपुढं टेम्पो उभे होते, कुणीतरी ओळखीचा माणूस "काय सर, पायी पायी?" म्हणाला, आणि त्यानं हात वर केला, पण तो माणूस कोण होता हे पूल संपेपर्यंतही त्याला आठवलं नाही. त्याला दुसरंच आठवत होतं. कुंभार पिंपळगावापासून कोसभर आत त्याचं गाव, सातवीपर्यंतची शाळा, आणि त्याच्या मागच्या ओळीत पोरींमध्ये बसलेली पुष्पाक्का. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, पण त्याच्याच वर्गात. आई रानात जायची, मच्छिंद्र आक्काच्या कडेवर. तो शाळेत जाण्याजोगा झाला तेव्हाच तिचीही सुटका झाली आणि दोघांची नावं एकाच दिवशी पटावर लागली. जूनमध्ये नवी पुस्तकं मिळाली की आक्का इतिहासाचं पुस्तक पहिल्या दोन दिवसांत वाचून काढायची, आणि मग विहिरीच्या वाटेवर, येताना डोक्यावर भरली घागर, ती त्याला ते सांगायची. मान ताठ ठेवून, समोर बघत. लढाई रंगात आली की थांबायची, घागर सावरायची, आणि मच्छिंद्र कळशी हातात धरून तोंडाकडं बघत राहायचा. आज वर्गात तो लढाई सांगताना मधेच थांबतो, पोरं श्वास रोखून बसतात, आणि नव्या शिक्षकांना मुख्याध्यापक सांगतात, सरांचा तास बघा, गोष्ट कुठं थांबवायची हे सरांकडून शिका. ते थांबणं घागर सावरण्याचं होतं. इतक्या वर्षांत हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सातवीत असताना तालुक्याहून साहेब शाळा तपासायला आले होते. पांढरा सदरा, बगलेत चामडी बॅग. वर्गाला त्यांनी विचारलं, किल्ला लढवायला काय काय लागतं? पोरांनी हात वर केले. तलवारी, तोफा, घोडे, शूर मावळे. साहेब प्रत्येक उत्तराला मान हलवत होते, पण त्यांचं समाधान होत नव्हतं. मग त्यांनी मच्छिंद्रकडं बोट केलं. तो उभा राहिला, आणि त्याला आदल्या दिवशीची विहिरीची वाट आठवली. आक्का म्हणाली होती, "गडावर टाकं आटलं तर तोफा काय चाटायच्या? पानी संपलं की गड पडला. पुस्तकात पान्याचं कुनी लिहीतच न्हाई." त्यानं शेवटचं वाक्य गाळून बाकीचं साहेबांना सांगितलं. साहेबांनी पुढं येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गुरुजी, हे पोरगं विचार करतं बरं का." मच्छिंद्रनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं नाही हे त्याला आज पुलावर चालताना अगदी स्वच्छ आठवलं. मानेच्या मागं तापल्यासारखं झालेलं, आणि तरी न वळलेली मान.

परीक्षेत इतिहासाला आक्काला त्याच्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले. पण आठवीची शाळा कुंभार पिंपळगावात होती, मधे ओढा, घरात सायकल एक. वडील, रामराव, पोरांचे दादा, काही आडमुठे नव्हते. ते गुरुजींना विचारायला गेले, दोघांतलं कुणाला धाडू. मच्छिंद्र त्यांच्याबरोबर होता. गुरुजी व्हरांड्यात सुपारी कातरत होते. "पोरगी हुशार हाय रामराव," ते म्हणाले, "पन तिचं नुस्तं पाठांतर हाय. पोरगं डोकं लावतं. साहेब सोता म्हनले." वडिलांनी मान हलवली आणि ते उठले. गुरुजी खोटं बोलत नव्हते. त्यांना जे दिसलं होतं तेच त्यांनी सांगितलं होतं. खरं काय ते त्या व्हरांड्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो तेरा वर्षांचा होता, आणि त्याला सायकल हवी होती.

शनिवारी शाळेत गेल्यावर त्यानं मुख्याध्यापकांना गाठलं. आदिनाथ सर हजेरीपटावर सह्या करत होते. चाचणीचे गुण बदलायचेत, चौसष्टपैकी एकोणतीस पेपरांचे, असं त्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, ते गुण ऑनलाइन भरून झालेत. सहामाही होऊन गेली. आता कशाला खाजवून खरूज काढता?"

"चूक माझी झाली सर."

"चूक नाही हो, तपासण्यात एखाद-दोन गुण इकडंतिकडं होतातच."

"होतात. पन एकाच बाजूला व्हायले नं."

आदिनाथ सर त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडी काळजी होती, माणसाला बरं वाटत नसावं अशी. शेवटी ते म्हणाले, "ऑनलाइनचं बघू. पण वर्गात हे सांगत बसू नका. उद्या पालक दारात येतील." मच्छिंद्र "बराबर हाय" म्हणाला, बाहेर आला, आणि वर्गात जाऊन त्यानं नको म्हटलेलं तेच केलं. कसं सांगावं ते त्यानं ठरवलं नव्हतं. फळ्याकडं पाठ करून तो उभा राहिला आणि म्हणाला की ऑक्टोबरात मी पेपर बरोबर तपासले नाहीत. काही जणींना कमी गुण दिले. उत्तर मुलानं लिहिलं की चांगलं वाटायचं आणि तेच मुलीनं लिहिलं की चुकलेलं वाटायचं. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडं बघून हसली, मग त्याचा चेहरा बघून गप्प झाली. पोरी हसल्या नाहीत. त्यांना आश्चर्य वाटलेलंही दिसलं नाही, आणि ते त्याला सगळ्यांत जास्त लागलं. त्यानं पायलला उभं केलं, तिचं पाचवं उत्तर वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि म्हणाला, असं लिहायचं. हा खरा इतिहास.

पायल खाली मान घालून उभी होती. बारीक अंगाची, तेलानं चप्प बसवलेले केस. तिनं दोन्ही हात बाकावर टेकले होते.

"खूश न्हाई का तू?" त्यानं विचारलं.

"हाय की सर."

"मंग?"

तिनं हात बाकावरून काढून घेतले. मग म्हणाली, "सर, आता मी तसं लिहीत न्हाई."

"कसं?"

"मनातलं. तुम्ही अवांतर लिहू नको म्हनले व्हते. मंग मी सहामाहीला समदं पुस्तकातलं पाठ केलं. मला अठरा पडले."

अठरा. त्याला आठवलं. सहामाहीचा तो पेपर तपासताना त्यानं लिहिलं होतं, प्रगती चांगली. त्यानं तिला खाली बसायला सांगितलं, आणि तास संपायला अजून वीस मिनिटं होती तरी पुस्तक उघडलं नाही. पोरांना वाटलं सर काहीतरी लिहायला सांगणार, म्हणून त्यांनी वह्या काढल्या. त्यानं काहीच सांगितलं नाही. खिडकीशी उभा राहून तो मैदानाकडं बघत राहिला. त्याच्या मनात हिशेब चालला होता, पण तो गुणांचा नव्हता. बावीस वर्षं. वर्षाला तीस-पस्तीस पोरी. त्यांतल्या किती जणींनी एकदा मनातलं लिहून बघितलं असेल, आणि लाल शाई बघून पुन्हा कधीच लिहिलं नसेल? त्या आता कुठं असतील, मंठ्याला, परतूरला, उसाच्या फडावर, बँकेत, दवाखान्यात, आणि त्यांना विचारलं तर सांगतील, इतिहास मला कधी जमलाच नाही. आणि ते त्यांना खरंही वाटत असेल.

रविवारी सकाळी तो घनसावंगीच्या गाडीत बसला. बायकोला म्हणाला, आक्काकडं जाऊन येतो. ती म्हणाली, "अचानक? सगळं बरं हाय नं?" तो "बिलकुल" म्हणाला. अंबडपर्यंत त्याला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. काय बोलायचं ते त्यानं तीनदा जुळवलं. आक्का, साहेब आल्ते तेव्हा... तिथंच अडायचं. पस्तीस वर्षांनी असं काही सांगायला गेलेला माणूस तिला वेडा वाटेल. किंवा ती रडेल, आणि मग तो काय करणार? तिचं काही वाईट झालं नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न झालं, घर चांगलं मिळालं, मेहुणे देवमाणूस, दोन्ही पोरं मार्गी लागली. राखीला, भाऊबीजेला ती हसतमुखानं त्याला ओवाळायची आणि शेजारणींना सांगायची, आमचा मच्छिंदर मास्तर हाय, इतिहासाचा. त्या सांगण्यात त्याला कधी काही टोचलं नव्हतं. ते न टोचणंच आता टोचत होतं.

आक्का पडवीत बसून हरभऱ्याचे ओले घाटे सोलत होती. समोर परातीत हिरवे दाणे, बाजूला घाट्यांनी लगडलेल्या ढाळ्यांचा ढीग. त्याला बघून तिनं हात पदराला पुसले. "असा कसा आलास रे न सांगता? जेवलास का?" पाणी झालं, चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मेहुणे रानात गेले होते. ती पुन्हा घाटे घेऊन बसली आणि तो तिच्यासमोर पोत्यावर बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. पेपर, पट्ट्या, पायल, आणि शेवटी साहेब. गाडीत जुळवलेली वाक्यं त्याच्या कामी आली नाहीत. तुटक तुटक, दाण्यांकडं बघत तो बोलला. "ते उत्तर तुझं व्हतं आक्का. गुरुजी पाठांतराचं म्हनले तवा मी तिथंच व्हतो. मी बोललो असतो तर सायकल तुला भेटली असती."

आक्काचे हात चालूच होते. घाटा दाबला की टच् असा बारीक आवाज यायचा.

"साहेबाचं व्हय?" ती म्हणाली. "मला ध्यानात हाय की ते. मला तर लई बरं वाटलं व्हतं. आपल्या इहिरीवरचं बोलनं साहेबाला पटलं म्हून. घरी येऊन मी आईला बी सांगितलं व्हतं."

"पन शाळा..."

"शाळेचं कुनाच्या हातात व्हतं? तू बोलला असतास तर दादानं तुला बी ठिवला असता घरी. ओढ्याला पानी आलं की पोरगी कशी जाईल, हे व्हतंच त्येंच्या मनात. गुरुजीला इचारायला गेले ते नुस्तं इचारायला." तिनं एक रिकामं टरफल बाजूला टाकलं. "तू ते एवढं मनाला लावून घेऊ नको."

त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं होतं. तो सैलावून भिंतीला टेकला. इतकंच होतं तर, असं त्याच्या मनात येत होतं, तेवढ्यात आक्का म्हणाली, "राग त्याचा न्हवता मला."

"मंग कशाचा?"

हातातला घाटा तिनं सोलला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिली.

"तू आठवीला गेल्तास," ती म्हणाली. "सांजच्याला यायचास. मी वाट बघायची. सातवीपस्तोर म्या तुला समदं सांगितलं व्हतं नं, मंग मला वाटायचं आता हा सांगंल. आता पुढचं पुस्तक ह्येच्याकडं हाय. तू सायकल लावायचास, पानी प्यायचास, आन् आत जायचास. एकदा म्या इचारलं बी, आठवीच्या इतिहासात काय हाय रे? तर तू म्हनलास, तुला काय करायचंय." तिनं घाटा परातीत टाकला, तसाच, न सोललेला. "पुढं काय झालं ते तू मला कधी सांगितलंच न्हाई."

मच्छिंद्रला ती संध्याकाळ आठवली. एक नव्हे, पुष्कळ. घामानं भिजलेली पाठ, आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात देऊन तिथंच उभी राहिलेली आक्का. रिकामा तांब्या परत न्यायला ती उभी असते, असंच त्याला तेव्हा वाटायचं, आणि आत्ता, या क्षणापर्यंत, तसंच वाटत आलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांसमोरची चोरी त्याला आठवत होती, तिच्याकरता तो इतक्या लांब आला होता. आणि जिचं घेतलं त्या आक्कानं ती चोरी मानलीच नव्हती. तिनं मनात ठेवलं होतं ते भलतंच, आणि त्याविषयी क्षमा कशी मागायची ते त्यानं गाडीत जुळवलं नव्हतं.

"आता सांगू?" तो म्हणाला.

आक्का हसली. "आता? येवढी म्हातारी झाल्यावर?" पण तिनं ढाळ्यांचा अर्धा ढीग त्याच्याकडं लोटला. "घे. हात रिकामे ठिवू नको. कुठून सुरू करतोस?"

"आठवीपासून."

"हं."

त्यानं एक डहाळी उचलली. आठवीचं ते पुस्तक त्याला दिसू लागलं, पिवळट पानांचं, दुसऱ्या देशांच्या गोष्टींचं. बोटांना सवय नव्हती, घाटा फुटताना दाणा उडून पडवीत घरंगळला. तो सांगू लागला. फ्रान्स नावाचा देश होता, तिथं राजा होता, राजाचा मोठा वाडा शहरापासून लांब. राज्यात पीक गेलं, लोकांना भाकरी मिळेना. सुरुवातीला त्याची वाक्यं छापल्यासारखी येत होती, मग हळूहळू सैल झाली. आक्का ऐकत होती, मान खाली, हात चालू. उन्हाची तिरीप पडवीतून सरकत उंबऱ्यापर्यंत गेली. भाकरीसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि थेट राजाच्या वाड्यावर चालून गेले, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं वर पाहिलं.

"लोक म्हंजे कोन?"

"लोक म्हंजे... लोक. गोरगरीब."

"भाकरीचा घोर बाईला आधी असतो. बाया व्हत्या का त्यात?"

मच्छिंद्र थांबला. पुस्तकात ते एकच वाक्य होतं, आणि तेच वाक्य त्यानं आयुष्यभर पाठ ठेवलं होतं. त्याच्या पुढं जाऊन बघावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मला ठाऊक न्हाई आक्का," तो म्हणाला.

"मंग बघून ये," आक्का म्हणाली, आणि परातीतला तो न सोललेला घाटा शोधून तिनं दाबला. "पुढल्या आयतवारी सांग."